हलवलेल्या खुंट्या

ओढ्याजवळच्या खुंट्या मी हलवल्या होत्या, हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते कळलं होतं, पण माझ्या तोंडून नाही. चर खणायला सुरुवात झाली आणि त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यावर आम्ही दोघं कधी एक शब्द बोललो नाही. आता तात्या नाहीत, माझेही केस पांढरे झालेत, तेव्हा लिहायला हरकत नाही असं मनाला सांगतोय. खरं तर हरकत तेव्हाही नव्हती, पण मी बोललो नाही.

आमचं गाव बारामतीहून इंदापूरकडे येताना, शेळगावच्या अलीकडे, कालव्याच्या खालच्या अंगाला. कालव्यालगतच्या तळ्यातून साखर कारखान्याच्या वसाहतीला पाणी नेणारी एक लोखंडी नळाची लाइन आमच्या शिवारातून जायची. इंग्रजांच्या अमदानीतली. माझ्या जन्माआधीपासून ती तिथं होती आणि गावाला तिचा एक थेंब मिळत नव्हता. आमच्या लेखी ती जमिनीत पुरून ठेवलेली परक्याची वस्तू होती. नांगरताना फाळ तिला लागू द्यायचा नाही, एवढाच आमचा तिचा संबंध.

एका जागी मात्र ती गळायची. ओढ्याच्या पलीकडच्या काठाला. तिकडं वस्ती होती, तिला गाव महारवाडा म्हणायचं. बिडाचे दोन नळ जिथं जोडतात तिथं तागाचा पीळ ठोकून वर शिसं ओतलेलं असतं. त्या सांध्याचं शिसं ढिलं झालं होतं. पाणी सारखं पाझरायचं. वस्तीतल्या बायकांनी खाली एक दगडी डोण आणून ठेवली होती. डोण भरली की घागरी भरायच्या, पुन्हा डोण भरायची वाट बघायची. कारखान्याचे लाइनवाले अधूनमधून येऊन शिसं ठोकून जात. काही दिवसांत गळती परत सुरू. शिसं आपोआप ढिलं व्हायचं की कुणी करायचं, हे विचारत बसायला लाइनवाल्यांना वेळ नसायचा.

त्या गळतीचं मोल गावाला कळत नव्हतं, वस्तीला कळत होतं. गावच्या विहिरीच्या पायरीवर त्या बायकांना चढता येत नव्हतं. कायद्यानं येत होतं, पण कायदा बारामतीला आणि विहीर आमच्या गावात. घागर घेऊन खाली उभं राहायचं, वरच्या एखाद्या बाईला दया आली की ती वरून ओतणार, नाही आली तर ऊन डोक्यावर येईपर्यंत थांबायचं. मी हे लहानपणापासून बघत आलो होतो. बघून मला काही वाटत नव्हतं, हेही इथं लिहून ठेवतो. डोण भरायला लागल्यापासून त्या बायका विहिरीवर यायच्या बंद झाल्या. कुणापुढं उभं राहायची गरज उरली नव्हती.

मी मराठी सातवी झालेला. घरची बागायत थोडी, भाऊ तिघं. जुनी लाइन काढून नवी टाकायचं काम निघालं तेव्हा मी त्यावर लागलो. मोजणीची साखळी धरायची, खुंट्या ठोकायच्या, खुंट्यांवरून चुन्याची फक्की मारायची, हे माझं काम. खणणाऱ्यांची टोळी मागून यायची. नवे नळ रेल्वेच्या छोट्या गाडीनं बारामतीला उतरायचे आणि तिथून बैलगाड्यांवर यायचे. एका गाडीवर एकच नळ, मागं निम्मा बाहेर. गाडी वळली की पोरं त्याखालून वाकून पळायची.

आमच्या टोळीत ओढ्यापलीकडच्या वस्तीतला एक गडी होता, माझ्याच वयाचा. आम्ही एकाच शाळेत होतो, मी आत आणि तो पडवीत. चिलमीचा नाद त्याला नव्हता, तंबाखू मात्र झक्क मळायचा. मळून झाली की माझ्या तळहातावर वरून सोडायचा, बोट लागू न देता. मला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की एकदा चुकून त्याचं बोट लागलं तेव्हा दचकला तो, मी नाही. मी हसलो, म्हणालो, "लागलं तर लागू दे लेका, हितं कोन बघतंय." तो म्हणाला, "तुमी न्हाई बघत दादा, पन तुमचा हात बघतोय." तेव्हा मला त्याचं काही कळलं नव्हतं.

कामावरचे ओव्हरसियर परगावचे होते. तरुण, चश्मा, कायम घाईत. कारखान्यानं या खेपेला एक गोष्ट कबूल केली होती. ज्या ज्या गावच्या जमिनीतून लाइन जाईल त्या त्या गावाला एक तोटी द्यायची. एकच. ती कुठं बसवायची, तर लाइन जिथं पहिल्यांदा घरांना लागेल तिथं. ओव्हरसियरांनी दुर्बीण लावून लाइन आखली ती सरळ. सरळ लाइन आधी वस्तीला लागत होती आणि मग ओढा ओलांडून गावाच्या कडेनं पुढं जात होती. म्हणजे आमच्या गावची तोटी ओढ्यापलीकडं बसणार, हे ठरल्यात जमा होतं.

हे कळलं त्या दिवशी सकाळी चावडीवर माणसं जमली. ओव्हरसियरांना बाजेवर बसवलं, चहा पाजला. गावात ज्यांचा शब्द चालायचा ते आबा समोर बसले. मी भिंतीला टेकून उभा. तात्या माझ्यापासून चार हातांवर, माझ्याकडं न बघता.

आबा म्हणाले, "सायेब, तोटी दिली, उपकार झालं. पन जागा चुकली."

"जागा मी ठरवत नाही. लाइन ठरवते."

"लाइन कोन ठरवतं मग?"

"उतार ठरवतो. सरळ गेलं की नळ कमी लागतात."

"नळ आमचं न्हाईत, तवा कमी-जास्त आमाला काय त्याचं," आबा म्हणाले, आणि दोघं-तिघं हसले. "आमचं म्हननं येवढंच, की गावानं पान्याला त्या वाड्यात जायाचं का?"

"मग दुसरी तोटी मागा वरती. माझ्या हातात एकच आहे."

"एकच ऱ्हाऊ द्या की. चावडीपुढं बसवा. त्येंला आमच्या बाया ओततील, आजपर्यंत ओततच आल्यात."

ओव्हरसियरांनी कपाळ पुसलं. "अहो, वस्तीतून लाइन गेलीच तर तोटी तिथंच येणार. आणि विटाळाचं म्हणाल तर नळ सगळीकडून बंद असतो. आत काही शिरत नाही."

आबांनी शांतपणे पानाला चुना लावला. "आत शिरत न्हाई, आमाला बी कळतं. पन वाट तर तितनंच हाय न्हवं. आधी तेंच्या दारातनं आन् मग आमच्या. कोन पेनार ते पानी? माझी म्हातारी तर तोंड बी लावायची न्हाई."

एवढी वर्षं त्याच वाटेनं वसाहतीला पाणी जात होतं आणि वसाहतीतले सगळ्या जातीचे लोक ते पीत होते, हे तिथल्या कोणाच्या मनात आलं नसेल असं नाही. माझ्या मनात आलं. मी बोललो नाही. शेवटी आबांनी सांगितलं ते असं, की लाइन तशीच गेली तर गावातला कुणी आपल्या रानातून चर खणू देणार नाही, आणि गावातली एकही गाडी बारामतीला नळ आणायला जाणार नाही. ओव्हरसियर उठले. "बघतो," म्हणाले. बघणार काय, त्यांना वरून तारखा घातलेल्या होत्या.

त्या संध्याकाळी तात्या गोठ्यात वैरण टाकत होते. मी पाणी शेंदून आलो. त्यांनी मान वर न करता विचारलं, "खुट्ट्या कोन ठोकतं?"

"मी."

"सायेब सोता ठोकत न्हाई?"

"ते दाखवत्यात, मी ठोकतो."

"आन् सायेब नसंल तवा?"

"तवा बी मीच."

तात्या वैरण नीट पसरत राहिले. मग म्हणाले, "आबानी मला आज चावडीत बसा म्हनलं न्हाई. सगळ्यांस्नी म्हनलं. मी उबाच ऱ्हायलो." एवढंच. त्यांनी मला कर म्हणून सांगितलं नाही. सांगून मोकळं व्हायचं, असा तात्यांचा स्वभाव नव्हता. माझ्या कामापायी ते उभे राहिले, हे त्यांनी मला कळवलं, आणि मी समजायचं ते समजलो.

दोन-तीन दिवसांनी ओव्हरसियर नळांचं काय अडलंय ते बघायला बारामतीला गेले. जाताना म्हणाले, "ओढ्यापलीकडून गावापर्यंत फक्की मारून ठेव. मी आलो की खणायला लावू." मी हो म्हणालो.

लोकांना वाटेल मी चोरासारखं केलं असेल. तसं काही नाही. भर दुपारी केलं. टोळी बाभळीखाली भाकरी खात होती. मी पहार घेऊन गेलो, ओढ्यापलीकडून एकेक खुंटी उपटली आणि वरच्या अंगाला, खडकाळ टेकाडाच्या बाजूनं ठोकत गेलो. लाइन वस्तीला वळसा घालून टेकाडावरून गावात उतरेल अशी. मग फक्की मारली. सगळे बघत होते. मी रोज खुंट्या ठोकायचो, तशाच त्या दिवशी ठोकतोय, एवढंच त्यांना दिसत होतं. तोही बघत होता, माझा तंबाखूवाला. एकदा मी मान वर केली तेव्हा त्यानं हातातला कांदा दाखवला. या खायला, असं.

ओव्हरसियर परत आले, फक्कीवरून चालत गेले आणि टेकाडाच्या पायथ्याशी थांबले.

"हा बाक कसा आला?"

हे मी आधी ठरवून ठेवलं नव्हतं. पण तोंडात तयार होतं. "साहेब, सरळ गेलं की खाली कातळ लागतो. वस्तीच्या अंगाला. मी पहार मारून बघितली."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग टेकाडाकडं पाहिलं. ते टेकाड उघडा खडक होता, ते आंधळ्यालाही कळलं असतं. कातळ चुकवायला म्हणून मी लाइन कातळावर नेली होती. त्यांना कळलं असणार. पण आबांची अडवणूकही मिटत होती आणि तारखाही सांभाळल्या जात होत्या. त्यांनी चश्मा पुसला आणि म्हणाले, "बरं. कातळ लागतो म्हणतोस, तर राहू दे." त्या क्षणी ते मला थोडंसं जरी रागावले असते, तर मी कबूल केलं असतं असं मला पुष्कळ वर्षं वाटत आलंय. आता तेही खात्रीनं सांगवत नाही.

खणायला सुरुवात झाली. टेकाडावर टोळीचे हाल झाले. पहारी लावून, घणानं छिन्न्या ठोकून चर खोल करावा लागत होता. हातांना फोड आले. माझा तंबाखूवाला आपल्याच वस्तीला वळसा घालणारा चर दिवसभर फोडत होता. त्याची झोपडी तिथून दिसत होती. एकदा घण खाली ठेवून त्यानं घाम पुसला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "दादा, तुमचा कातळ तिकडनं उठून हितं आला का वो?"

बाकीचे हसले. मीही हसलो.

"तिकडं माझ्या बापानं खांब पुरलं तवा सगळी काळी माती लागलीती," तो म्हणाला. "म्या हुतो तवा."

"माती वरची आसंल," मी म्हणालो.

"आसंल," तो म्हणाला, आणि घण उचलला. त्यानंतर त्यानं माझ्यापाशी तो विषय काढला नाही. तंबाखूही मळायचा, द्यायचा. वरून सोडायचा तसाच. तो बोलला असता तर मला सोपं गेलं असतं, असं लिहायला गेलो आणि थांबलो. माझं सोपं व्हावं म्हणून त्यानं का बोलावं?

नवी लाइन पुरी झाली त्या दिवशी जुन्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला. चावी फिरवायला माणूस वेगळा होता, मी नुसता जवळ होतो. पाणी थांबलं ते नळात ऐकू येत नाही. ओढ्याकाठच्या डोणीवर मात्र दिसतं. आधी धार बारीक झाली, मग थेंब, मग सांध्यावर नुसती ओल.

बायका आल्या, घागरी ठेवल्या, बसल्या. पूर्वीही लाइन कधी कधी बंद असायची. एखाद दिवस, मग सुरू. त्यांना वाटलं तसंच असेल. दुसऱ्या दिवशीही आल्या. मी मोजमापाची साखळी गुंडाळून तिथून चाललो होतो, रस्ता तोच होता, दुसऱ्या वाटेनं जाता आलं असतं पण गेलो नाही. माझ्या तंबाखूवाल्याची आई डोणीशी बसली होती. म्हातारी, काटक. तिनं विचारलं, "लेकरा, कवा सुटनार पानी?"

मी म्हणालो, "येईल की मावशी. दोन-चार दिसांत."

"मग घागर हितंच ठिवून जाते," ती म्हणाली. "नंबर जातो न्हाई तर."

त्यांच्यात नंबर लावायची तीच रीत होती. आदल्या रात्रीची घागर रांगेत राहायची, कुणी कुणाची हलवायचं नाही. आठवड्यानं मी पाहिलं तेव्हा रांग तशीच होती. घागरींत धूळ आणि बाभळीचा पाला. मी सांगितलं होतं ना दोन-चार दिवसांत, म्हणून. टोळीनं जुना नळ उकरायला सुरुवात केली, डोणीपाशी पोचली, तेव्हा नळ उचलायला तिचाच मुलगा होता. त्यानं आधी घागरी एकेक उचलून बाजूला ठेवल्या, ज्या क्रमानं होत्या त्याच क्रमानं. मग सांध्याखाली पहार घातली. आई काठावर उभी होती. ती त्याला म्हणाली, "आरं, मग पानी?" त्यानं पहार आणखी खाली दाबली. नळ वर आला, आत पिवळी माती आणि गंजाच्या खपल्या. म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं नाही. मी तिथं होतो हे तिला माहीत होतं.

चावडीपुढं तोटी बसली. आबांनी नारळ फोडला, तोटीला हळद-कुंकू वाहिलं. आधी फुसफुस हवा आली, मग तांबडं पाणी, मग चांगलं. पेढे वाटले. पण टेकाडावरून नळ चढवल्यानं वर हवा अडकायची. तोटी खोकायची, थांबायची. उन्हाळ्यात तर दिवसातून घटकाभर पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. गावातल्या बायका पुन्हा विहिरीवर जायला लागल्या. ओव्हरसियरांच्या जागी आलेल्या दुसऱ्यांनी विचारलं, हा चढ कुणी घातला? आबा म्हणाले, "कमी येतं, पन वरनं येतं. वाड्यातनं न्हाई." त्यांचं समाधान खरं होतं. मला ते बोललेलं आजही ऐकू येतं, कारण त्या वेळी मी मान डोलावली होती.

आणि वस्तीतल्या बायका विहिरीवर परत आल्या. पायरीखाली, घागर खाली ठेवून उभ्या. एका सकाळी मी बैल पाजायला गेलो होतो. वर माझी आई पाणी शेंदत होती, खाली ती म्हातारी. आईला तिची दया यायची, आई वाईट नव्हती. आई म्हणाली, "लांब धर घागर. शितोडं उडतील." म्हातारीनं दोन्ही हात पुढं ताणून घागर लांब धरली. वयामुळं घागर एका जागी ठरेना, निम्मं पाणी जमिनीवर गेलं. आईनं पुन्हा ओतलं. म्हातारी म्हणाली, "लै उपकार झालं आक्का." तिच्या मुलाच्या वयाचा मी, बैलांच्या कासऱ्याला धरून उभा. पुढं होऊन घागर धरावी, एवढंही मला जमलं नाही. आईपुढं जमलं नाही, म्हातारीपुढं जमलं नाही. बैलांनी पाणी पिऊन झाल्यावरही मी त्यांना तिथंच धरून ठेवलं, ती जाईपर्यंत.

पुढच्या काही वर्षांत वस्तीनं आपले देव ओढ्यात सोडले आणि गावची कामं सोडली. सरकारनं त्यांना वेगळी विहीर काढून दिली, तिला पाणी लागायलाही बराच काळ गेला. तोवर म्हातारी गेली होती. तिला पोचवायला गावातून कुणी गेलं नाही, मीही गेलो नाही. मी नंतर कालव्याच्या खात्यात लागलो. पणदऱ्याच्या बाजूला बदली झाली. पुष्कळ लाइनी पाहिल्या, पुष्कळ खुंट्या ठोकल्या. एकही हलवली नाही. त्यानं पहिल्या खुंट्यांचं काही होत नाही, हे मला कळतं.

माझा तंबाखूवाला आहे अजून. त्याच वस्तीत, पक्कं घर बांधलंय. मुलगा शाळेत मास्तर आहे. बाजारात भेटतो तेव्हा "काय दादा" म्हणतो, मी "बरं हाय" म्हणतो. त्यानं मला कधी घरी बोलावलं नाही, मीही गेलो नाही. तो मला क्षमा करील अशी माझी अपेक्षा नाही, आणि ती मागायला गेलो तर पुन्हा मी माझंच ओझं त्याच्या डोक्यावर ठेवायला गेलो असं होईल. तरी जायला पाहिजे. त्याच्या मुलादेखत, वस्तीदेखत सांगायला पाहिजे, की तोटी तुमच्या दारात बसणार होती आणि ती मी फिरवली. मी त्याच्या आईशी खोटं बोललो हे त्याला सांगायचं आहे. एवढं माझ्याकडून त्याचं देणं आहे, आणि ते अजून दिलेलं नाही.